महापालिकेचा जलतरण तलाव: खर्च पोहणाऱ्यांकडूनच वसूल करायचा का?

पाणकोंबडी

आमच्या शहराच्या पालिकेचा २५ मीटरचा तलाव दुरुस्तीसाठी आठ महिने बंद होता. उघडला तेव्हा फाटकावर नवा फलक लागला होता. महिन्याचे ३५० रुपये होते ते ९०० झाले. चालवायचं काम ठेकेदाराकडे गेलं. आणि सकाळी साडेदहाची बायकांची बॅच बंद.

माझी आई ६८ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला रस्त्यावर फार चालवत नाही, म्हणून तीन वर्षं ती या बॅचला जाऊन कमरेएवढ्या पाण्यात चालायची. पोहायची नाही, नुसती चालायची. तिच्यासोबत पोळ्या करणाऱ्या दोघीजणी यायच्या, त्यांना ३५०सुद्धा जड जात होते. त्या आता येत नाहीत. मी कार्यालयात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "तलाव तोट्यात आहे, खर्च निघायला नको का?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. बागेत शिरताना आपण पैसे देत नाही (बऱ्याच ठिकाणी), वाचनालयाची वर्गणी नाममात्र असते. मग तलाव, क्रीडासंकुल, नाट्यगृह, सुट्टीतली शिबिरं यांचा खर्च किती प्रमाणात वापरणाऱ्यानं द्यायचा आणि किती सगळ्या शहरानं? तुमच्याकडे काय पद्धत आहे? अनुभव हवेत, मतंही हवीत.

करदाता

माझं मत अनेकांना आवडणार नाही, तरी मांडतो. मी मालमत्ता कर वेळेवर भरतो. माझ्या भागात एक दिवसाआड पाणी येतं. अशा वेळी दुसऱ्याच्या पोहण्याचा खर्च माझ्या करातून का व्हावा? कायद्यातही पाणी, मलनिस्सारण, प्राथमिक शाळा ही पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, तलाव हे ऐच्छिक. आधी बंधनकारक पुरं करा. ज्याला पोहायचंय त्यानं खर्च उचलावा. गरिबांना सवलत द्या, त्याला माझी ना नाही.

वाचनमात्र

वाचतेय. आमच्याकडे तलावच नाही.

जमाखर्च

पालिकेच्या लेखा विभागात २६ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. करदाता यांचा मुद्दा कायद्याला धरून आहे. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना जो १९४९ चा अधिनियम लागू आहे, त्यात कलम ६३ बंधनकारक कामांचं आणि कलम ६६ ऐच्छिक कामांचं. पण कलम ६६ नीट वाचलं तर जलतरण तलाव हे सार्वजनिक स्नानगृहं आणि 'सार्वजनिक आरोग्य सुधारण्यासाठीच्या इतर संस्था' यांच्याच ओळीत येतात. कायदा करणाऱ्यांनी तलावाकडे चैन म्हणून पाहिलेलं नाही. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं पालिकांच्या विषयांत आली.

आता पाणकोंबडीताईंना मिळालेलं उत्तर. "तलाव तोट्यात आहे" हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं आणि एकदाही त्यामागचा कागद पाहिला नाही. कारण तो कागद नसतोच. तलावाचं वीजबिल विद्युत विभागाच्या शीर्षाखाली पडतं. कायम कर्मचाऱ्यांचे पगार आस्थापना खर्चात. पाणी पालिकेचंच, त्याचं बिल बहुतेक ठिकाणी निघतच नाही. फरशी बदलली तर ती स्थापत्यकडे. आणि तिकिटाचे पैसे? ते थेट महापालिका निधीत जमा होतात. तलावाच्या व्यवस्थापकाच्या हातात त्यातला एक रुपया येत नाही. क्लोरीन संपलं तर त्याला मागणीपत्रच भरावं लागतं. जमा एका वहीत, खर्च चार वह्यांत. मग तोटा कुणी आणि कसा काढला?

तेव्हा पहिला प्रश्न किती वसूल करायचं हा नाही. खर्च किती आहे, हा आहे.

पेठेतला

जमाखर्च काका, +१. अगदी मुळाला हात घातलात.

पंपहाऊस

खर्चाचं गणित मी मांडतो. हाउसिंग सोसायट्या आणि शाळांच्या तलावांचे गाळण संच बसवायचं काम करतो. खालचे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येकानं आपल्या गावचे घालून पाहावेत.

तलाव २५ बाय साडेबारा मीटर, सरासरी खोली दीड मीटर. म्हणजे सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी. १० अश्वशक्तीचा पंप म्हणजे साडेसात किलोवॅट. रोज १६ तास चालला तर १२० युनिट, महिन्याला ३,६००. युनिटला १० रुपये धरा: ३६ हजार. माणसं: चार जीवरक्षक, एक प्रशिक्षक, एक पंपचालक, दोन सफाईचे, एक नोंदणीला. नऊ जण, सरासरी २० हजार धरले तर १ लाख ८० हजार. क्लोरीन, तुरटी, पाण्याची तपासणी, किरकोळ दुरुस्ती मिळून ३४ हजार. एकूण अडीच लाख.

आता जमा. पाऊण तासाची बॅच, सकाळी पाच, संध्याकाळी पाच. बॅचला ४० माणसं म्हणजे ४०० सभासद. ६०० रुपयांनी २ लाख ४० हजार होतात. म्हणजे सगळ्या बॅच भरलेल्या असतील तर ६०० मध्ये चालू खर्च जवळजवळ निघतो. ९०० केले आणि निम्मे लोक गळाले तर? २०० गुणिले ९००, १ लाख ८० हजार. दर वाढला, जमा घटली.

आणखी एक. पाण्यात कुणी उतरो न उतरो, ते गाळावंच लागतं, नाहीतर चार दिवसांत हिरवं होतं. अडीच लाखांतला बहुतेक खर्च माणसं मोजून वाढत नाही. रिकाम्या बॅचचं पाणी भरलेल्या बॅचइतकंच महाग असतं. पाणकोंबडीताईंच्या आईंची बॅच बंद करून नेमके किती रुपये वाचले, हे मला त्या ठेकेदाराला विचारायचंय.

(मोठी दुरुस्ती, गाळणीतली वाळू बदलणं, फरशी हे यात धरलेलं नाही. तो भांडवली खर्च आहे आणि तो तिकिटातून काढायला जाऊ नये असं माझं मत.)

शिट्टी

मी जीवरक्षक आहे. पंपहाऊस दादांचं गणित बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली. साडेदहाची बॅच फुकट पडत नाही. सकाळची पाळी पहाटे साडेपाचला सुरू होते. दहा वाजता आम्ही तळ साफ करतो, गाळणी उलटी धुतो, जेवतो. परत चारला उभं राहायचं. मधे बॅच घेतली तर नजर थकलेली असते, आणि बुडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बॅच चालवा, पण त्यासाठी दोन माणसं वेगळी घ्या. आहे त्याच माणसांवर ढकलू नका. पैसे वाचवायचे म्हटले की पहिली कात्री जीवरक्षकावर चालते, म्हणून लिहिलं.

पंपहाऊस

@शिट्टी, मान्य. चूक माझी. दोन माणसं म्हणजे ४० हजार वाढवा. ४० बायकांच्या एका बॅचमधून ३५० नं १४ हजार येतात. उरलेले २६ हजार कुठून आणायचे, हा आता खरा प्रश्न. पण तो निदान आकड्यात तरी दिसतो. आणि ती दोन माणसं एकाच बॅचसाठी येणार नाहीत, साडेदहा ते साडेतीन त्यांच्याकडून पालिका शाळांच्या पोरांच्या बॅचही घेता येतील.

भायखळा_पूर्व

मुंबईकडचा अनुभव. राणीच्या बागेचं तिकीट २०१७ च्या ऑगस्टपर्यंत मोठ्यांना ५ आणि लहानांना २ रुपये होतं. एका झटक्यात ५० आणि २५ झालं. तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो, मी स्वतः सह्या गोळा केल्या होत्या. पण आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये असं कुटुंबाचं तिकीट ठेवलं होतं आणि गर्दी काही कमी झाली नाही. १ जानेवारी २०२३ ला एका दिवसात ३२ हजारांवर माणसं आली आणि पावणेचौदा लाखांच्या आसपास जमले. माणशी साधारण ४२ रुपये पडले. त्या दिवशी मी भावाच्या मुलांना घेऊन रांगेत होते.

तरी त्यातून सगळा खर्च निघतो असं नाही. एकट्या पेंग्विनांच्या देखभालीचं कंत्राट २०२१ मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे १५ कोटींचं होतं. म्हणजे वर्षाला ५ कोटी. ४२ रुपयांनी भागलं तर फक्त त्यांच्यासाठी वर्षाला बारा लाख माणसं यायला हवीत. प्राणी, झाडं, माळी वेगळेच.

पण मला सांगायचंय ते निराळंच. राणीच्या बागेत घर वर्षातून एकदा जातं. ५० रुपये त्या दिवसाच्या वडापावात मिसळून जातात. तलावावर माणूस महिन्यातून २५ दिवस जातो. दोन्हींना एकच नियम लावता येणार नाही.

करदाता

@भायखळा_पूर्व, हे पटलं. रोजच्या सवयीची गोष्ट आणि सहलीची गोष्ट वेगळी.

तांबडी_माती

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्यात तालमीला पोरगं गेलं की पैसं कुणी मागत नाही. खुराक ज्याचा त्यानं बघायचा, आखाडा गल्लीचा. वर्गणी पेठेची. खासबागचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला उभं केलं, राजाश्रय होता म्हणून कुस्ती जगली. आता राजा न्हाई, तर पालिका म्हणजेच आपला आश्रय. तलाव तोट्यात म्हणायचं असंल तर तालीमबी तोट्यातच की! पण पेठेतल्या एका माणसाला आजवर तसं वाटलेलं न्हाई. तुमच्या शहरानं तलावाला आपला म्हणलं पाहिजे ताई. वर्गणी काढा, चार दुकानदार धरा.

मोगरा_७४

तांबडी_माती दादा, तालमीचं कौतुक मलाही आहे, माझे काका तिथेच घडले. पण त्या तालमीत मला आणि माझ्या बहिणीला कधी जागा नव्हती. वर्गणीतून उभं राहिलेलं ठिकाण ज्यांची वर्गणी त्यांचं होतं. पालिकेचा तलाव मला हवा तो यासाठीच, की तिथे शिरायला मला कुणाची ओळख लागत नाही.

तांबडी_माती

हे खरं हाय. आता मुली येतात कुस्तीला, पण उशीर झाला हे मान्य.

दुसरी_घंटा

मी नाटकाच्या व्यवस्थापनात आहे, प्रयोगाच्या तारखा मिळवणं हे माझं काम. पुण्याचं बालगंधर्व १९६८ च्या जूनमध्ये सुरू झालं, तेव्हापासून पालिकेच्या मालकीचं. पालिकांच्या नाट्यगृहांत मराठी नाटकाला भाडं कमी आणि वाद्यवृंद, शाळांची संमेलनं, कंपन्यांचे सोहळे यांना जास्त, ही रीत बहुतेक शहरांत आहे. एकाच्या भाड्यातून दुसऱ्याला हात. ही रीत चांगली आहे, तिच्यावरच आमचा धंदा टिकून आहे.

पण त्यातली गोम सांगते. नाट्यगृहानं जमेचा आकडा वाढवायचा ठरवला की शनिवार-रविवारच्या तारखा जास्त भाडं देणाऱ्याकडे सरकायला लागतात. दरपत्रकात नाटकाचा दर तोच राहतो, पण त्या दरानं मिळतो मंगळवार दुपार. मंगळवारी दुपारी नाटकाला कोण येणार? सवलत कागदावर शाबूत आणि प्रत्यक्षात संपलेली.

म्हणून पाणकोंबडी, दर कमी करून मागू नका फक्त. वेळ मागा. बायकांची बॅच, शाळेच्या मुलांची बॅच, कोणत्या वारी, किती वाजता, हे ठेकेदाराच्या करारनाम्यात लिहून घ्यायला लावा. पैशाची सवलत दिली तरी वेळ काढून घेता येते.

पेठेतला

दुसरी_घंटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या भागातल्या बॅडमिंटन कोर्टचं हेच झालं. 'नागरिकांसाठी सवलतीचा दर: दुपारी १ ते ४'. मे महिन्यात, पत्र्याखाली.

सीताफळ

अवांतर: मंगळवारी दुपारी मी येईन नाटकाला. निवृत्त आहे, कडक चहा मिळाला पाहिजे एवढीच अट. :)

दुसरी_घंटा

@सीताफळ, या या, पहिल्या रांगेत बसवते. चहा आणि बटाटेवडा माझ्याकडून.

मेपलचं_पान

टोरांटोहून. इथे हा वाद १९९८ पासून चालू आहे. सहा नगरपालिका एकत्र करून एक शहर झालं, तेव्हा जुन्या टोरांटोत बरेच कार्यक्रम मोफत होते आणि भोवतालच्या उपनगरांत शुल्क होतं. आता बहुतेक ठिकाणी शुल्क आहे, पण काही केंद्रं पूर्ण मोफत ठेवली आहेत. शिवाय कमी उत्पन्नाच्या घरांसाठी 'वेलकम पॉलिसी' आहे, अर्ज मंजूर झाला की ठरावीक सवलत मिळते.

आम्ही इथे नवे आलो तेव्हा दोन्हींतून गेलो. मोफत केंद्रात मुलाला नेलं, नाव-पत्ता सांगितला, मुलगा तासाभरात पाण्यात. सवलतीच्या योजनेसाठी मात्र उत्पन्नाचे कागद जमवायचे होते. नवऱ्याला तेव्हा नोकरी नव्हती आणि तो कागद तयार करताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरलेले नाही. आम्ही तो अर्ज भरलाच नाही.

करदाता यांनी 'गरिबांना सवलत द्या' असं एका ओळीत लिहिलंय. त्या ओळीत फार काही दडलेलं असतं. पिवळं रेशनकार्ड दाखवून तलावात उतरायचं असेल तर आईच्या बॅचमधल्या त्या दोघी येतील का?

इथल्या पालिका एक त्रिकोण वापरतात. पायथ्याला ज्याचा फायदा सगळ्या शहराला होतो ते: बागा, मोकळी मैदानं, पोहायला शिकवण्याचा पहिला टप्पा. त्याचा खर्च करातून. वर जावं तसा फायदा एकेकट्याचा होत जातो: खासगी शिकवणी, लग्नासाठी भाड्यानं घेतलेलं सभागृह. तिथे पूर्ण खर्च आणि वर थोडा नफाही. एखादी गोष्ट कुठल्या थरात बसते यावर मारामाऱ्या होतात, पण निदान उघड होतात.

हरणखुरी

इंग्लंडमधून दुसरी बाजू. २००९ च्या एप्रिलमध्ये सरकारनं १६ वर्षांपर्यंतच्यांना आणि साठीपुढच्यांना पोहणं मोफत केलं, ज्या पालिका सामील झाल्या त्यांच्या तलावांवर. २०१० च्या जुलैअखेर बंद. नव्या सरकारचं कारण असं, की मोफत पोहणाऱ्यांतले बरेच जण आधीपासून पैसे देऊन पोहतच होते. मोफत करणं हा उपाय नेहमी हव्या त्या माणसापर्यंत पोचत नाही, हे मला तिथे कळलं. जो आधीच येतो त्याला फुकट मिळतं आणि जो येत नाही तो येतच नाही, कारण त्याला पोहता येत नाही, पोशाख नाही, सोबत नाही.

मोगरा_७४

पोशाखाचा मुद्दा मोठा आहे. नायलॉनचा पोशाख, टोपी, चष्मा धरून हजाराच्या पुढे जातं. शुल्काआधीचं ते शुल्क.

कुर्ला_लोकल

ठेकेदार, संस्था, दत्तक या शब्दांपासून सावध राहा एवढंच सांगतो. मुंबईत मोकळ्या जागा 'सांभाळायला' दिल्या आणि काही ठिकाणी त्यावर सभासदांचे क्लब उभे राहिले. २०१६ च्या जानेवारीत दत्तक धोरण मंजूर झालं, तेव्हा लोकांनी एवढा विरोध केला की ते थांबवावं लागलं. एकदा कुंपण पडलं की ते काढायला पिढी जाते.

करदाता

बरंच वाचलं, विचार केला. माझी भूमिका थोडी बदलतो. पहिल्या प्रतिसादात मी म्हटलं की माझ्या करातून दुसऱ्याचं पोहणं नको. पंपहाऊस यांच्या गणितावरून दिसतं की तलाव बांधून झाल्यावर तो रिकामा ठेवणं ही माझ्या कराची जास्त मोठी नासाडी आहे. पण दोन गोष्टींवर ठाम आहे. संध्याकाळी सातच्या बॅचला मोटारीनं येणाऱ्यानं ९०० द्यावेत, १,२०० सुद्धा द्यावेत. आणि नवा तलाव बांधायच्या आधी पाणी रोज यावं.

जमाखर्च

@करदाता, दुसऱ्या गोष्टीबद्दल तुमच्याशी सहमत. पालिकांचा हात आखडला आहे हे खरंच आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ नंतर राज्याकडून भरपाई येते ती दरवर्षी ८ टक्के वाढीची. स्वतःचं म्हणून मालमत्ता कर, बांधकाम परवानग्यांचं शुल्क आणि हे असलं सेवाशुल्क. म्हणून नजर तलावाकडे वळते. २०२२ पासून कितीतरी शहरांत सभागृहच नव्हतं, प्रशासकांनी दर ठरवले, विचारायला नगरसेवक नव्हता.

पंपहाऊस यांनी विचारलेल्या २६ हजारांकडे येतो. वर्षाचे ३ लाख १२ हजार. पालिकेच्या अर्थसंकल्पात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. माझ्या नोकरीत मार्चअखेर यातले पैसे पडून असलेले मी स्वतः पाहिले, मग घाईघाईनं शिलाई मशिनं वाटली जायची. त्यातून तलावाला बॅचचा खर्च वर्ग करता येईल. बायकांच्या बॅचचं शुल्क ३५० च राहील, ठेकेदाराला त्याचा फरक पालिका देईल, आणि तो खर्च कुठून आला हे वहीत दिसेल. सवलत ठेकेदाराच्या मर्जीवर सोडली की ती आज ना उद्या जाते.

आधी माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपये. 'तलाव तोट्यात आहे' याचा हिशेब मागू नका, 'असा हिशेब अभिलेखात नाही' असं उत्तर येईल. ठेक्याच्या करारनाम्याची प्रत मागा, आणि गेल्या तीन वर्षांची महिनावार शुल्कजमा. हे दोन्ही कागद असतातच.

पेठेतला

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतात. आम्ही बाक, पदपथ, दिवे हेच लिहीत आलो. बॅच सुचवता येईल हे कधी डोक्यातच आलं नाही.

पाणकोंबडी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर देऊ शकले नाही, कारण आईच्या बॅचमधल्या बायकांना शोधत होते. एकतीस जणी सापडल्या. पोळ्या करणाऱ्या दोघींपैकी एक गावी गेलीय, दुसरीनं सही दिली.

मेपलचं_पान, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, कागद मागितला असता तर मीही गेले नसते. म्हणून आमच्या निवेदनात 'गरीब महिलांना सवलत' हे शब्द काढून 'साडेदहाच्या बॅचला सर्वांना ३५० रुपये' असं लिहिलं. ज्यांना परवडतं त्यांनी संध्याकाळच्या बॅचला यावं, तिथे दर जास्त ठेवा. दुसरी_घंटा यांच्या सांगण्यावरून वार आणि वेळ करारात घालायची मागणी पहिल्या क्रमांकावर आहे. शिट्टी दादांची दोन जादा जीवरक्षकांची अट दुसऱ्या.

माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज केले, करारनाम्याचा वेगळा, शुल्कजमेचा वेगळा. शब्द मोजून. तीस दिवसांत काय येतं ते इथेच लिहीन.

शिट्टी

ताई, आमची अट घातली त्याबद्दल आभार. बायकांच्या बॅचला बाई जीवरक्षक मागा. आमच्याकडे दोघी प्रशिक्षण घेऊन बसल्यात, पाळी मिळत नाही म्हणून घरी आहेत.

पाणकोंबडी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. निवेदन उद्या द्यायचंय, आज रात्री बदलते.